क्रियाविशेषण फक्त क्रियापदाचंच असतं का?

काही जण म्हणतात की इंग्रजीतलं 'ॲडव्हर्ब', म्हणजे क्रियाविशेषण, क्रियापदाबद्दलच माहिती देतं, कारण नावातच 'व्हर्ब', म्हणजे क्रियापद, आहे. नावामुळे हा समज होतो खरा, पण इंग्रजीत त्याचा पसारा मोठा आहे. 'व्हेरी टॉल'मध्ये 'व्हेरी' विशेषणाला जोडलंय, 'क्वाइट स्लोली'मध्ये 'क्वाइट' दुसऱ्या क्रियाविशेषणाला.

खरी मजा पूर्ण वाक्याला लागणाऱ्या क्रियाविशेषणांत आहे. 'शी एक्स्प्लेन्ड इट क्लिअरली' म्हणजे तिने ते स्पष्टपणे समजावलं. तेच 'क्लिअरली' सुरुवातीला आणून पुढे स्वल्पविराम दिला की अर्थ होतो, 'तिने ते समजावलं, हे उघडच आहे.' ती कशी बोलली हे त्यात येतच नाही, आपलं मत येतं.

'ओन्ली'कडे तर जरूर लक्ष द्या. 'ओन्ली मीना रेड द लेटर' म्हणजे मीनानेच पत्र वाचलं. 'मीना रेड ओन्ली द लेटर' म्हणजे तिने पत्रच वाचलं, बाकी काही नाही. आपला 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्यावरच जोर देतो, म्हणून मराठीत घोळ कमी. पण 'मीना ओन्ली रेड द लेटर' ह्याचे अर्थ दोन: पत्रच वाचलं, किंवा नुसतं वाचलं, उत्तर दिलं नाही. बोलताना आवाजातला जोर ते ठरवतो. लिहिताना तो आधार नसतो, म्हणून मी 'ओन्ली' नेहमी संबंधित शब्दाच्या अगदी आधी ठेवते.

आणि हो, शेवटी 'ली' दिसलं की क्रियाविशेषण, असं धरू नका. 'फ्रेंडली' हे विशेषण आहे.