मदत हवी आहे: धनुष्याच्या पाठीला माणगा बांबू, काटेरी कळक बांबू की बाजारातली बांबूफळी?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, कामाला बेळगावच्या उद्यमबागेत. सुट्टीच्या दिवशी धनुष्य करायचा नाद लागलाय. घरचे म्हणतात, या वयात कुठल्या स्वयंवराला निघालाय? असो.

पहिलं धनुष्य उन्हाळ्यात केलं. साडेपाच फुटी, पाठीला (नेम धरताना पलीकडे राहते ती बाजू) माणग्याची पट्टी, पोटाला (आपल्याकडची बाजू) सागवान, मध्ये सुतारकामाचा पांढरा गोंद. मे महिन्यात झकास चाललं. मग आपल्याकडचा पाऊस लागला. दोरी उतरवली तरी वाकलेलंच राहायचं, आणि जुलैत मुठीजवळ सांधा उकलला. सतत ताण असला की तो गोंद हळूहळू सरकतो, हे तेव्हा कळलं. आता इपॉक्सी वापरणार.

अडलंय ते बांबूवर. माणगा इकडं हवा तेवढा मिळतो. सरळ, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव. पण ५ सें.मी. व्यासाच्या काठीतून ४ मि.मी. जाडीची पट्टी काढली तर रुंदी जेमतेम २७ मि.मी. भरते. मला ४० हवी. तेवढी रुंद काढायची तर मधला फुगवटा १० मि.मी. होतो, आणि जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट! वरून तासावं तर साल जाते, खरी ताकद तर सालीखालच्या धाग्यांतच.

म्हणून लादीला वापरतात ती तयार बांबूफळी बघून आलो. फिकट आणि कॉफी अशा दोन रंगांत आहे. पाठीला चालेल का? कुणी वापरलीय?

उत्तर, चंदगडहून:
पाठीला नको. तिची साल कारखान्यातच तासलेली असते. पाठ आणि पोट यांच्या मधल्या थराला मात्र खुशाल लावा, तीही फिकटच. कॉफी रंगाची वाफेवर शिजवलेली असते, जरा कमजोर पडते. पट्ट्यांना टोकाला जोड नाहीत ना, तेवढं बघून घ्या. पाठीला कळक धरा. १२ सें.मी. व्यासाचा मिळाला तर ४ मि.मी. जाडीत ४३ मि.मी. रुंदी निघते. काटे सोसावे लागतील. कोवळा घेऊ नका आणि पेरांचा उंचवटा सपाट करू नका, तिथूनच तुटतं.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. हा हिशेब डोक्यातच आला नव्हता. आमचे बुरूडकाका कळक देतील, पण अमावास्येलाच तोडणार, नाहीतर किडा पोखरतो म्हणतात. दिवाळीनंतर तोडून, पट्ट्या फाडून सावलीत ठेवल्या तर मार्चपर्यंत चिकटवण्याइतक्या वाळतील का? की आमच्या घरातल्या ओलीत आणखी थांबावं?