इटरेटर आणि जनरेटर : नेमका भेद कोणता?

प्रश्न (नागपूर) : पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकताना आमच्या वर्गात ‘इटरेटर’ आणि ‘जनरेटर’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कळमना बाजारातील संत्र्यांच्या आवकेची फाइल ओळीओळीने वाचणारे एक फंक्शन मी ‘यील्ड’ (एकेक मूल्य बाहेर देणारा कीवर्ड, म्हणजे भाषेचा राखीव शब्द) वापरून लिहिले. त्याने दिलेली वस्तू एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवून सम, म्हणजे बेरीज, केली, तेव्हा एकूण क्विंटल बरोबर आले. परंतु त्याच चलावर सर्वांत मोठे मूल्य काढणारे मॅक्स लावताच ‘व्हॅल्यूएरर’ ही त्रुटी आली. फाइलीत शेकडो नोंदी असताना असे का व्हावे?

उत्तर : इटरेटर हे वर्तनाचे नाव आहे. ‘नेक्स्ट’ म्हटले की पुढचा घटक देणारी, घटक संपले की ‘स्टॉपइटरेशन’ कळवणारी आणि ‘इटर’ विचारल्यास स्वतःलाच परत करणारी कोणतीही वस्तू इटरेटर ठरते, मग ती कशीही घडवलेली असो. जनरेटर ही अशी वस्तू घडवण्याची एक सोपी रीत आहे : यील्डपाशी फंक्शन थांबते, त्यातील स्थानिक चले जशीच्या तशी राहतात आणि पुढच्या नेक्स्टला काम तेथूनच सुरू होते. म्हणून प्रत्येक जनरेटर इटरेटर असतो, पण प्रत्येक इटरेटर जनरेटर नसतो. उघडलेली फाइल हे जनरेटर नसलेल्या इटरेटरचे जवळचे उदाहरण. लिस्ट तर दोन्ही नव्हे. ती ‘इटरेबल’ आहे, म्हणजे दर लूपला नवा इटरेटर देते.

आपली अडचण येथेच आहे. सम पूर्ण होईपर्यंत जनरेटर शेवटच्या नोंदीपर्यंत पोहोचला होता आणि त्याला मागे फिरता येत नाही. त्यामुळे मॅक्सच्या वाट्याला एकही नोंद उरली नाही. मॅक्सने निदान तक्रार तरी केली. दुसऱ्यांदा समच केली असती, तर निमूटपणे शून्य हाती आले असते, आणि ते अधिक घातक. फंक्शन पुन्हा बोलवावे किंवा सरळ लिस्ट करून ठेवावी. शेकडो नोंदींसाठी जनरेटरचा अट्टहास मला तरी अनावश्यक वाटतो. कोट्यवधी नोंदी स्मृतीत मावत नाहीत, तेथे त्याचे खरे मोल.

आणखी एक उत्तर : वर्गातील गोंधळाला इतिहासही कारणीभूत आहे. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने घडवलेल्या ‘क्लू’ भाषेत यील्ड करणाऱ्या रचनेलाच इटरेटर म्हणत, आणि सी-शार्प या भाषेतही तसेच म्हणतात. पायथनमध्ये जनरेटर २००१ मध्ये, २.२ या आवृत्तीत आले. त्यांच्यासाठी वेगळा कीवर्ड असावा का, यावर तेव्हा वाद झाला आणि पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी साध्या फंक्शनची व्याख्या सुरू करणारा ‘डेफ’च कायम ठेवला. परिणामी पहिली ओळ वाचून फंक्शन साधे की जनरेटर हे ओळखता येत नाही. आत यील्ड शोधावे लागते. शिवाय ‘जनरेटर’ म्हणजे सहसा ते फंक्शन आणि काही संदर्भांत त्याने दिलेली वस्तू, असे पायथनची अधिकृत शब्दसूचीच सांगते. त्यामुळे लेखी उत्तरात ‘जनरेटर फंक्शन’ किंवा ‘जनरेटर ऑब्जेक्ट’ असे पूर्ण लिहावे.

प्रश्नकर्ता : आभार. फाइलीचे नाव मुद्दाम चुकीचे दिले, तरी फंक्शन बोलावताना काहीच झाले नाही. त्रुटी लूपमध्ये आली. हेही जनरेटरमुळेच काय?

उत्तर : होय. जनरेटर फंक्शन बोलावल्यावर फक्त ऑब्जेक्ट मिळतो. फाइल उघडण्याची ओळ पहिल्या नेक्स्टलाच चालते.