घरात सोनं असताना शेकडा तीनचं कर्ज कशाला वाहायचं?

शहापूरचा पिग्मीवाला

बेळगावात पिग्मी गोळा करतो. शहापूर, खासबाग, वडगाव हा माझा पट्टा. पिग्मी म्हणजे रोज दारावर थोडे थोडे पैसे गोळा करायची बचत. ही आपल्या कर्नाटकचीच चीज, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं सुरू केली. आज आपल्याकडं गल्लीतली पतसोसायटीसुद्धा पिग्मी घेते. मशीन घेऊन दारोदार फिरलं की कुणाचं कसं चाललंय ते मॅनेजरच्या आधी मला कळतं.

तर माझं म्हणणं सरळ मांडतो, पटलं नाही तर बोला.

एक गिऱ्हाईक आहे, स्वतःचे माग आहेत. रोज न चुकता २०० रुपये पिग्मी टाकतो. त्यावर त्याला चार-पाच टक्के मिळतात. त्याच माणसाच्या अंगावर सोसायटीचं दोन लाखाचं कर्ज आहे, १६ टक्क्यांनी, तीन वर्षांचं. हप्ता बसतो ७,०३० च्या आसपास, म्हणजे शेवटी ५३ हजार नुसतं व्याज. वर सूत आणायला एकाकडून ५० हजार उचललेत, महिन्याला शेकडा तीननं. दर महिन्याला १,५०० द्यायचे आणि मुद्दल जागच्या जागी. आणि कपाटात? सहा तोळे. चुकलो, कपाटात नाही, लॉकरमध्ये. म्हणजे सोनं झोपवून ठेवायचं भाडंही हाच भरतो.

असली घरं माझ्या पट्ट्यात गल्लीला चार. माझं मत: पिग्मी बंद करा (माझं कमिशन जाईल, जाऊ दे), लागेल तेवढं सोनं मोडा, आधी शेकड्याचं कर्ज उडवा, मग सोसायटीचं. कर्ज असताना बचत करणं म्हणजे स्वतःच्याच पैशाला चार टक्के घेऊन दुसऱ्याच्या पैशाला छत्तीस टक्के मोजणं.

निपाणीची लेक

"घरात सोनं" म्हणता ते कुणाचं, ते आधी सांगा.

सूत कुणी उचललं? त्यानं. शेकड्यावर पैसे कुणी आणले? त्यानं. सहा तोळ्यातलं किती त्याच्या आईनं घातलं आणि किती बायकोच्या माहेरनं आलं, हे तुमच्या मशीनमध्ये दिसत नाही. माझ्या आईनं विड्या वळून माझ्या पाटल्या केल्या. त्या दिराच्या दुकानासाठी "दोन वर्षांत परत करतो" म्हणून सोनाराच्या काट्यावर गेल्या. दुकान चाललं, गाडी आली, पाटल्यांचं नाव कुणी काढत नाही. मी काढलं की "घरातच वापरले ना?" म्हणतात.

स्त्रीधन बाईचं असतं, हे काही मी घरचं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट म्हटलंय की नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. अडचणीत वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, निदान नैतिक तरी. तुमच्या हिशेबात ती परतफेड कुठल्या ओळीत धरली?

आणि मोडायला गेल्यावर काय हातात येतं ते बाईला विचारा. बोरमाळेच्या मण्यांत भरलेली लाख काढली की वजन कुठल्या कुठं उतरतं. घडणावळ गेली ती गेली. पुन्हा करायला गेलं की नवी घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी.

उद्यमबाग टर्नर

पिग्मीवाले, सोनं मोडा म्हणूलायस ते ऐकायला बरं हाय, पण भाव बघितलास काय? २०१९ ला तोळा पस्तीस हजाराच्या आसपास होता. २०२५ ला लाखाच्या वर गेला. सहा वर्षांत वर्षाला साधारण १९ टक्के चक्रवाढ पडली. म्हणजे २०१९ ला १६ टक्क्यांच्या सोसायटीसाठी ज्यानं सोनं मोडलं त्यो बुडाला, आणि हप्ते रेटत बसला त्यो जिंकला. आमच्या शॉपमधला एक जण अजून कपाळावर हात मारून घेतोय.

शहापूरचा पिग्मीवाला

टर्नरसाहेब, हिशेब बरोबर आहे, पण सोयीची वर्षं धरलात. २०१२ ला तोळा ३१ हजाराच्या घरात होता, २०१८ लाही तिथंच. सहा वर्षं सोनं नुसतं बसून होतं, आणि १६ टक्के मात्र दर महिन्याला धावत होते. पुढची सहा वर्षं कुठली निघणार ते तुम्हाला ठाऊक आहे का? आणि १९ टक्क्यांनी जरी वाढलं तरी शेकडा तीन म्हणजे छत्तीस. तिथं सोनं कधीच पुरं पडत नाही. म्हणून आधी शेकड्याचं म्हटलं.

ताई, तुमच्या पाटल्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक विचारतो. शेकड्यावाला दारात येऊन बोलतो तेव्हा ऐकून कोण घेतं? नवरा मागच्या दारानं सटकतो, बाई पुढच्या दारात उभी असते. मग त्या सोन्यानं तिचीच सुटका होत असेल तर?

निपाणीची लेक

होऊ दे की. पण मग त्या दिवशी घर तिचं कर्जदार झालं, हे लिहून ठेवा. साध्या वहीत, तारीख आणि वजन टाकून, दोघांच्या सहीनं. सोसायटीचा हप्ता संपला की तेवढीच रक्कम पुढं तिच्या खात्यात. सोसायटीला सही देता, जामीन देता, कोरे चेक देता. बायकोला वहीचं एक पान द्यायला लाज वाटते?

कागवाडचा ऊसवाला

तुम्ही सगळे महिन्याच्या पगाराचा हिशेब मांडताय. आमच्याकडं पैसा वर्षातून एकदा दिसतो. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचं हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. लिहिलंय खरं. फायनान्सवाल्याचा हप्ता मात्र पाच तारखेला म्हणजे पाच तारखेलाच. मधल्या महिन्यांत शेतकरी शेकड्यावर काढतो तो हौसेनं नाही, हप्ता चुकू नये म्हणून. हप्ता भरायला कर्ज, अशी तऱ्हा.

आणि सगळं कर्ज एका पारड्यात घालू नका. कृषी पत्तीनचं, म्हणजे गावच्या शेती सोसायटीचं, पीक कर्ज वेळेत भरलं तर बिनव्याजी आहे, २०२३ मध्ये मर्यादा तीन लाखावरून पाच लाख केली. असलं कर्ज सोनं मोडून आधी फेडणारा शहाणा नव्हे. त्याला फक्त तारीख पाळायची. आमच्याकडं तेवढ्यासाठी नवंजुनं करतात. मार्चच्या आत कुणाकडून तरी आठ दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, भरायचे, नवं कर्ज उचलून त्याचे परत करायचे. त्या आठ दिवसांचंही कुणी कुणी शेकड्यानं घेतं. बिनव्याजी कर्जाला व्याज लागतं ते असं.

मलप्रभेकाठचा

इतकी डोकेफोड कशाला? २०२५ ला सरकारनं कायदा केला की. मायक्रोफायनान्सवाल्यांना दहा वर्षं जेल. आमच्या खानापूर भागात बऱ्याच जणांनी हप्ते बंद केलेत. कोण येतंय बघूया.

जामीन राहिलेला मास्तर

येतात की. माझ्या दारात येतात.

मलप्रभेकाठच्या भाऊ, तो कायदा नीट ऐकून घ्या, कारण या अर्धवट ऐकण्यानंच गावं बुडतात. जानेवारी २०२५ मध्ये वसुलीच्या जाचावरून राज्यात गदारोळ झाला. लोक घरं सोडून गेले, आत्महत्या झाल्या. फेब्रुवारीत वटहुकूम निघाला, मग कायदा झाला. शिक्षा आहे ती जबरदस्तीच्या वसुलीला, दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कर्ज रद्द धरलंय ते नोंदणी नसलेल्या, परवाना नसलेल्या सावकारानं गरिबाला दिलेलं. रिझर्व्ह बँकेकडे नोंद असलेल्या कंपनीचं किंवा सोसायटीचं कर्ज त्यानं माफ होत नाही. हा सालमन्ना, म्हणजे कर्जमाफी, नव्हे.

मी एका सहकाऱ्याला जामीन राहिलो. त्यानं असंच कुठंतरी ऐकून हप्ते थांबवले. सोसायटीनं माझ्या पगारातून कपात लावली. तो समोर दिसला की मोबाइल कानाला लावतो. त्याचं कर्ज आज मी फेडतोय आणि माझं घरकर्ज बाजूला पडलंय.

गटाची सेंटर लीडर

मास्तर बरोबर बोलले, पण आमची बाजूपण ऐका. ग्रुप लोनमध्ये एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी वर्गणी काढून भरायचा. कंपनीचा वसुलीचा साहेब सकाळी येऊन बसतो, पैसे पुरे झाल्याशिवाय उठत नाही. ज्यांच्यात दोन वेळा भांडं उसनं मागितलं जातं त्याच बायका एकमेकींच्या दारात ओरडतात. कंपनीला काही करावंच लागत नाही.

सरकारी गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले की सरळ हप्त्यात. सोनं मोडा म्हणता, आमच्याकडं मोडायला मंगळसूत्राचे चार मणी.

एक मात्र आमच्या बायकांना ठाऊक नव्हतं, मी मीटिंगमध्ये सांगितलं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. मायक्रोफायनान्सवाल्यानं सकाळी नवाच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. सगळे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. त्या दिवसापासून साहेब जरा खुर्ची लांब घेऊन बसतो.

उद्यमबाग टर्नर

मी म्हणतो सोनं मोडू पण नका, नुसतं बसवू पण नका. गहाण टाका. सोनेतारण दहा-अकरा टक्क्यांत मिळतंय, त्यातनं शेकड्याचं उडवा. भाव वाढला तर सोनं आपलंच.

शहापूरचा पिग्मीवाला

टर्नरसाहेब, गणितात हे माझ्यापेक्षा सरस आहे, मान्य. पण मी पासबुकं बघतो. सोनेतारण करून शेकड्याचं फेडणारे बरेच आहेत. पुढच्या गणपतीपर्यंत पुन्हा शेकड्यावर उचल नाही, असे थोडे. वर्ष भरलं की नुसतं व्याज भरून पावती बदलतात आणि म्हणतात सोनं सुरक्षित आहे. याची टोपी त्याला घातली, एवढंच. शेवटी नोटीस, मग लिलाव. मोडलेल्या सोन्याचे पैसे तरी पूर्ण हातात येतात.

आणि सोनेतारण करा की मोडा, आधी कर्जाचा खरा दर काढा. "बारा टक्के फ्लॅट" म्हणून एक लाख दोन वर्षांना घेतलं तर व्याज २४ हजार, हप्ता ५,१६७. ऐकायला बारा. पण मुद्दल दर महिन्याला कमी होतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. खरा दर साडेएकवीसच्या वर जातो. सोळा टक्के रिड्यूसिंग, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज, त्यापेक्षा स्वस्त पडतं. माझ्या पट्ट्यात फ्लॅटवालं स्वस्त समजून सोसायटीचं आधी फेडणारे आहेत. उलटं करतात.

मलप्रभेकाठचा

मास्तर, सावकाराचं तरी? आमच्या गावात शेकडा पाच चालतं. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज जातं. आमचे आजोबा दामदुप्पट म्हणायचे, मुद्दलाच्या वर व्याज मागताच येत नाही म्हणून.

जामीन राहिलेला मास्तर

दामदुप्पट हा जुन्या मुंबई इलाख्यातल्या हिंदू कायद्याचा नियम. १९५६ पर्यंत आपण त्या राज्यात होतो, म्हणून आजोबांच्या तोंडी. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त थकलेलं व्याज मागता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दर महिन्याला भरलेलं व्याज त्यात मोजत नव्हते, त्यामुळं तुमच्या वीस महिन्यांना तो तसाही लागला नसता. सावकाराकडं परवाना आहे का ते आधी विचारा. नसेल तर नवा कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण तक्रार तुम्हालाच द्यावी लागेल. तोंडी "कोण येतंय बघूया"नं काही होत नाही. आणि हप्ता द्याल तो पावती घेऊन, नाहीतर फोनपेवरून द्या. रोख देऊन मोकळं होऊ नका.

कागवाडचा ऊसवाला

फोनपेवर घेणारा सावकार दाखवा, मीच त्याच्याकडं खातं काढतो.

निपाणीची लेक

पिग्मीवाले, तुमच्या त्या मागवाल्याचं काय झालं? मोडलं का सोनं?

शहापूरचा पिग्मीवाला

तो तयार आहे, बायको नाही. ती म्हणते पिग्मी बंद करा आणि ते ६,००० शेकड्यावाल्याला द्या, सोन्याला हात लावायचा नाही. मी कागदावर मांडून बघितलं. व्याजाचे १,५०० तो आजही देतोच. वर हे ६,००० गेले की पहिल्या महिन्यापासून मुद्दल उतरतं, आणि मुद्दल उतरलं की व्याजही. आठ महिन्यांत ५० हजार फिटतात. आठव्या महिन्याला तर चार हजारांच्या आसपासच द्यायचे उरतात.

निपाणीची लेक

मग सहा तोळे कशाला मध्ये आणलेत?

शहापूरचा पिग्मीवाला

सोसायटीचे दोन लाख अजून आहेतच ताई, आणि दिवाळीनंतर माग महिना-महिना बंद असतात. त्या दिवसांत ६,००० कुठनं येणार? मी अजूनही म्हणतो, दोन तोळे मोडा. पण वहीचं पान आधी लिहा म्हणून त्याला सांगितलंय. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो.