‘सेव्हरी टार्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

फोंड्याचीसून: सासूबाईंच्या पंचाहत्तरीला बारा पाहुणे जेवायला आहेत. मेनू मराठीत लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडले. कांदा-मश्रूमच्या सेव्हरी टार्टला ‘खारा टार्ट’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "सुकं नुस्तं घालतेस की काय गो त्यात?" आमच्याकडे खारं म्हणजे खारवलेली मासळीच. दुसरा शब्द सुचवा. ‘मेन कोर्स’चंही बघा.

दोनओळी: ‘तिखटमिठाचा टार्ट’. तिखटमिठाच्या पुऱ्या म्हणतोच की. गोडाचा नाही, एवढाच अर्थ.

शब्दखुळा: अहो, आत अंडी, साय आणि चीज. पाहुण्यांनी तिखट शोधत बसायचं का? आणि ‘टार्ट’ तरी कशाला? पारी आहे, सारण आहे. ‘उघडी करंजी’ म्हणा.

माडावरून: उघडी करंजी म्हणजे फुटलेली करंजी. आई तसल्या निवडून आम्हा पोरांना द्यायची, पाहुण्यांना नव्हे.

दोनओळी: शिवाय करंजी तळतात. टार्टची पारी आधी रिकामीच भाजायची. मी साच्यात दाबून, काट्यानं टोचून, वर कागद घालून त्यात वजनाला वाल भरते. पंधरा मिनिटांनी वाल काढून मग सारण. नाहीतर बूड ओलंच राहतं.

मडगावचाजुना: गोव्यात बसून शब्द शोधताय? बेकरीत सारण भरलेली एम्पादा मिळते, तोच शब्द घ्या.

शब्दखुळा: ती वरून झाकलेली असते. आणि पोर्तुगीज!

मडगावचाजुना: मग पाव, बटाटा, चावी, बादली सोडा आधी.

शब्दखुळा: पाव आपलाच. कणीक पायानं तुडवायचे म्हणून पाव. आजोबा सांगायचे.

मडगावचाजुना: आजोबांना नमस्कार. पाय मात्र त्यात नाही.

माडावरून: मेन कोर्सचं राहिलंच. आपल्या पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भात, सगळं एकदम. त्यात मुख्य कोण?

फोंड्याचीसून: माझ्याकडे चोणक मासा आहे, अख्खा, रेशाद भरलेला. तोच मुख्य.

मडगावचाजुना: ‘रेशाद भरलेला’ लिहू नका हो! पोर्तुगीजमध्ये रेशाद म्हणजेच भरलेलं. भरलेला भरलेला चोणक होईल.

शब्दखुळा: आता ते मसाल्याचं नाव झालंय. बाजारात रेशाद मागितलं की मसालाच हातात पडतो. लोक म्हणतात तेच खरं.

मडगावचाजुना: हे तुम्ही म्हणताय?

फोंड्याचीसून: टार्टचं काय ठरलं? रात्री छापायला द्यायचंय.

दोनओळी: ते वाल नंतर उसळीला घेऊ नका हं, शिजत नाहीत. मी घेतले होते.