पायथनवरच राहू की टाइपवाली भाषा धरू? अडत दुकानाच्या प्रोग्रॅमसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान आहे, त्यांना मी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम करून दिलाय. सौद्यातला भाव आणि वजन टाकायचं, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी प्रिंट. चाललंय चांगलं, पण गेल्या सीझनला जे झालं ते डोक्यातून जाईना.

दिवसाचा सगळ्यात जास्त भाव शेतकऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, त्यात ९८०० गेला. मामा म्हणाले, "आरं, माझ्यासमोर एक लॉट १४२०० नं गेला की!" बघतोय तर सीएसव्ही फाइलमधनं (रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) भाव स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून आलेले, मी त्यांचा इंट, म्हणजे पूर्णांक, करायचं विसरलेलो, आणि स्ट्रिंगची तुलना अक्षराला अक्षर लावून होते, ९ हा १ पेक्षा मोठा म्हणून ९८०० वर. सगळे भाव चार आकडी होते तोवर बरोबर यायचं, त्यामुळं कळलंच नाही. स्ट्रिंगमध्ये आकडा मिळवायला गेलं तर पायथन लगेच टाइपएरर देतो, पण इथं सगळ्याच स्ट्रिंग, मग तो कशाला अडवतोय. त्या भावावर माणसं माल आणायचा का थांबायचं ते ठरवतात, म्हणून फार लागलं.

मावसभाऊ जावावर काम करतो, ती टाइपवाली भाषा, म्हणजे कशात आकडा आणि कशात मजकूर हे कोडात आधीच सांगायचं. तो म्हणतो भाव इंट म्हणून डिक्लेअर केला असतास तर कंपाइलच झालं नसतं, प्रोग्रॅम चालायच्या आधीच चूक कळली असती. पटतंय. पण फाइलमधनं येताना जावातही स्ट्रिंगच येणार, आणि सीझनमध्ये मामा सकाळी म्हणतात आजपासून एक रकाना वाढव, ते पायथनमध्ये चहा होईस्तोवर होतं, ते सोडवत नाही.

पायथनला २०१५ पासून, म्हणजे ३.५ पासून टाइप हिंट (कशात आकडा, कशात मजकूर याची कोडातली नोंद) आहेत, पण रन होताना तो त्या तपासत नाही, त्यासाठी मायपाय हे तपासणीचं टूल वेगळं चालवावं लागतं. एका फाइलवर लावून बघितलं, भाव इंट लिहिल्यावर नेमकी तीच ओळ धरली त्यानं! पण ज्या फंक्शनला हिंटच नाही त्याच्या आत ते बघतच नाही, आणि त्याचा स्ट्रिक्ट, म्हणजे कडक तपासणीचा मोड लावला की एररचा ढीग.

चालू असलेल्या जुन्या कोडला कुणी हळूहळू हिंट लावत नेल्यात का? सुरुवात फाइल वाचतो तिथनं करू का पट्टीच्या हिशोबापासनं? का सरळ कोटलिन या टाइपवाल्या भाषेत नव्यानं लिहू? नवी हळद यार्डात यायच्या आत ठरवायचंय.