मदत हवी आहे: बेलम की बोर्रा, गाईड घेऊन कुठली गुहा बघावी?

नमस्कार मंडळी, आम्ही नांदेडचे. वेरूळ-अजिंठा लहानपणापासून पाहतोय पण त्या माणसाने कोरलेल्या लेण्या, आता पोरीला पाण्याने आपोआप तयार झालेली गुहा दाखवायची आहे. ती सहावीत आहे, भूगोलाच्या पुस्तकात छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांचं चित्र बघितल्यापासून रोज विचारते, पप्पा कधी जायचं.

दोन्ही आंध्रातच आहेत. बेलम ३२२९ मीटर लांब, त्यातली साधारण दीड किलोमीटर लोकांसाठी उघडी, आणि पाताळगंगा म्हणतात ती जागा ४६ मीटर खोल. बोर्रा अरकूकडं, विशाखापट्टणमवरून रेल्वेनं जाता येतं, त्या प्रवासाचंच पोरीला लई अप्रूप आहे. पण सोबत आई आहे, वय ६८, गुडघे दुखतात, आणि बेलममध्ये आत फार उकडतं, दमट असतं म्हणतात. मग तिला पायऱ्या कुठं कमी पडतील? मधी बसायला जागा आहे का?

दुसरं म्हणजे गाईड. मागच्या वर्षी वेरूळला एका गाईडनं कैलास लेणं वीस मिनिटात उरकलं, पोरगी दगडी हत्तीच्या तुटलेल्या सोंडेकडं बघत उभी राहिली तर हा चला चला करत पुढं, लई वाईट वाटलं तिला. म्हणून हिंदीत नीट समजावून सांगणारा, लेकरांच्या प्रश्नांना न वैतागणारा माणूस कुठं मिळेल ते सांगा. दिवाळीच्या सुट्टीत जायचंय, कोणी लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.