लॅपचं बटण लिबलिबीत झालंय: मळ साचलाय की आतला स्विच गेला?

पहाटधाव

माझ्या स्पोर्ट्स वॉचला पाच बटणं आहेत, डावीकडे तीन आणि उजवीकडे दोन. त्यातलं उजवीकडचं खालचं बटण लॅप घ्यायला, म्हणजे धावण्याचा एक टप्पा संपवून पुढचा वेगळा मोजायला, आणि मेनूतून मागे यायला, अशा दोन्ही कामांना लागतं. तेच गेले काही आठवडे बिघडलंय. बाकीची चारही दाबली की बोटाला स्वच्छ टिचकी लागते. हे मात्र लिबलिबीत लागतं. आत जातं, टिचकी येत नाही, आणि सोडल्यावर वर यायला रेंगाळतं. कधी दाब घेतं, कधी घेत नाही. धावायला निघताना सगळ्यात वाईट अवस्था असते. घाम येऊन मनगट ओलं झालं की थोडं सुधारतं.

नुसतं मेनूतून मागे यायचं असतं तर मी चालवून घेतलं असतं. पण मी ट्रॅकवर इंटरव्हल करते, ४०० मीटर जोरात आणि मग २०० मीटर हळू जॉग. ४०० संपताना लॅप दाबलं आणि घड्याळाने ते घेतलंच नाही, की दोन्ही एकाच लॅपमध्ये जातात. १ मिनिट ४० सेकंदांत ४०० म्हणजे किलोमीटरला ४:१० चा पेस. त्यात दीड मिनिटाचा जॉग मिसळला की घड्याळ ५:१७ दाखवतं. अख्ख्या सेशनमधून काही शिकायचं असेल तर हाच आकडा हवा असतो आणि नेमका तोच जातो. शिवाय लॅप लागला का हे बघायला दरवेळी मनगट वर करायचं, पुन्हा दाबायचं, यात हातांची लय मोडते ती वेगळीच.

बटणाच्या भोवती पांढरट कड दिसते. काचेच्या आत बाष्प नाही. वॉरंटी संपली आहे, पण बॅटरी, जीपीएस, पट्टा सगळं ठणठणीत आहे आणि एका बटणापायी घड्याळ बाद करणं मला पटत नाही. धावणाऱ्या ग्रुपमध्ये कुणी म्हणालं तेलाचा स्प्रे मारा, कुणी म्हणालं अल्कोहोल. मला आधी समजून घ्यायचंय की आत बिघडतं तरी काय, आणि घरी काय केलं तर नुकसान होणार नाही.

सहा_चाळीस

बटण लॉक झालेलं नाही ना, आणि एकदा रीस्टार्ट करून फरक पडतो का, एवढं बघून घ्या. पण टिचकीच लागत नाही म्हणताय, म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रश्न वाटत नाही.

तोवर इंटरव्हल वाया जाऊ देऊ नका. घड्याळात ठरवून ठेवलेला वर्कआउट बनवा: ४०० मीटरची एक पायरी, २०० ची दुसरी, आणि जितक्या फेऱ्या तितकी आवर्तनं. अंतर पूर्ण झालं की ते आपणहून पुढच्या पायरीवर जातं, लॅप दाबावंच लागत नाही. तुमच्या घड्याळात ट्रॅकसाठी वेगळा मोड असेल तर तोच लावा. साध्या जीपीएसवर वळणांमध्ये अंतर चुकतं आणि लॅप रेषेच्या मागेपुढे पडतो.

काटेकोर

मी घड्याळं दुरुस्त करतो आणि अलीकडे स्पोर्ट्स वॉचच जास्त येतात. पहिली गोष्ट, तेल मारू नका. का ते खाली सांगतो.

आपण बोटाने दाबतो तो धातूचा तुकडा स्विच नसतो, ती नुसती दांडी असते. केसच्या कडेला आरपार भोक असतं, त्यातून ती आत जाते. दांडीवरच्या खाचेत एक किंवा दोन बारीक ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, बसवलेल्या असतात, पाणी अडवायचं काम त्यांचं. दांडी परत बाहेर ढकलायला बहुतेक घड्याळांत छोटी स्प्रिंग असते, आणि दांडी निसटू नये म्हणून आतल्या टोकाला क्लिप. खरा स्विच याच्याही आत, लवचिक सर्किटच्या पट्टीवर. त्यात पातळ पत्र्याचा इवलासा घुमट असतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो एकदम आत बसतो. तुम्हाला लागते ती टिचकी हीच, आणि त्याच क्षणी संपर्क जुळतो.

हे डोळ्यासमोर ठेवलं की लक्षणं वाचता येतात. टिचकी नीट लागते पण घड्याळ ऐकत नाही, तेव्हा संपर्क गंजलाय किंवा पट्टी सुटलीय असं समजा. बटण सुळकन आतबाहेर होतं आणि टिचकी मात्र अजिबात नाही, तर घुमट चपटा झालाय नाहीतर चिरलाय. असे स्विच मॉडेलनुसार एक लाख ते दहा लाख दाब टिकतील अशा हिशेबाने बनवतात, त्यामुळे घुमट झिजून जाणं अशक्य नाही, पण माझ्या टेबलावर ते क्वचित दिसतं. तिसरं म्हणजे टिचकी नाही आणि वर यायला रेंगाळतं. इथे दांडीच भोकात अडकत असते. ती घुमटापर्यंत पोचते न पोचते, म्हणून कधी दाब लागतो, कधी नाही.

तुमचं हे तिसरं आहे. पांढरी कड सांगतेच, पण त्याहून महत्त्वाचं तुम्ही सहज लिहून गेलात: घाम आला की सुधारतं. घामातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. सनस्क्रीन आणि त्वचेचं तेल त्यात मिसळून दांडी आणि भोक यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत घट्ट थर बसतो. ओल मिळाली की तो थर सैलावतो, वाळला की पुन्हा आवळतो. गेलेला स्विच घाम आल्याने सुधारत नाही.

खात्री करायला नखाने बटणाच्या फक्त एका कडेला दाबा, मग दुसऱ्या कडेला. घड्याळ कानाशी धरा. कुठल्याही एका बाजूने दाबताना टिचकी ऐकू आली तर घुमट शाबूत आहे.

आता धुणं. घड्याळ बंद करा, पट्टा काढा, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि मध्ये पाणी बदला. गरम पाण्याचा मोह नको. १०० मिली पाण्यात २५ अंशांना साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यातही ३९ च्या आसपासच, त्यामुळे मिठासाठी उष्णतेचा काही उपयोग नाही. कोमटपणा हवा तो तेलकट भाग सैल व्हावा म्हणून. उलट घड्याळ तापलं की आतली हवा फुगते, थंड होताना आकसते, आणि सील जरा कमजोर असेल तर त्या ओढीने ओल आत शिरते. साबणही नको, त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पाणी नको तिथे सहज घुसतं. नंतर मऊ ब्रशने बटणाच्या कडेने हलक्या हाताने फिरवा. टाचणी, सुई, ब्लेड काहीही फटीत घालायचं नाही, ओ-रिंगवर एक ओरखडा पुरतो. केसवर बॅरोमीटरची, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची, बारीक भोकं असतील तर त्यात काही खुपसू नका आणि हवेचा झोतही मारू नका, त्याने सेन्सर जातो.

तेलाबद्दल. ओ-रिंगा एकाच रबराच्या नसतात. ईपीडीएमची असेल तर खनिज तेलात फुगते, सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसमध्ये फुगते, आणि आत कुठली बसवलीय हे बाहेरून कळायला मार्ग नाही. फुगलेली रिंग दांडीला आणखी आवळते. पहिले दोन दिवस बटण मऊ चालतं, लोक खूश होतात, मग त्याच तेलाला धूळ चिकटते आणि घड्याळ माझ्याकडे येतं. अल्कोहोल आणि इतर सॉल्व्हंटही मी टाळायलाच सांगतो, मीठ त्यांच्यात पाण्यासारखं विरघळतच नाही.

खारवट

समुद्रात पोहते, त्यामुळे हा त्रास माझ्या ओळखीचा आहे. नुसतं भिजत ठेवून माझं बटण सुटलं नव्हतं. पाण्यात असतानाच ते हळूहळू दाबत राहिले तेव्हा सुटलं, आणि दाबताना फटीतून दुधाळ पाणी बाहेर आलेलं स्पष्ट दिसलं. घड्याळावर ५० मीटर वॉटर-रेझिस्टंट लिहिलंय, वाटीभर पाण्यात काय होणार?

काटेकोर

खारवट, दाबल्याशिवाय आतला थर हलत नाही हे खरं. मात्र ५० मीटर म्हणजे ५० मीटर खोल बटणं दाबत फिरायची मुभा नव्हे. तो आकडा ५ एटीएम, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पाचपट, दाबाची चाचणी सांगतो. साध्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे २०१० सालचं मानक आहे, डायव्हिंगच्या घड्याळांसाठी ६४२५ हे वेगळं आणि कडक. या ६४२५ च्या चाचणीत घड्याळावर लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली बटणांवर आडवा ५ न्यूटन जोर लावून बघतात. आपल्या धावण्यापोहण्याच्या घड्याळांपैकी बऱ्याच जणांना ही परीक्षा द्यावी लागत नाही.

वाटीतल्या पाण्याचा दाब नगण्य असतो, तरी दांडी हलते तेव्हा रिंगही घासते, आणि रिंग फाटलेली असली तर प्रत्येक दाबाबरोबर थेंब आत जाईल. म्हणून अट अशी: काचेखाली बाष्प नसेल, बटणाच्या कडेला तांबूस डाग नसेल आणि घड्याळ कधी आपटलेलं नसेल, तरच पाण्यात दाबा. पहाटधाव, तुमचं आपटलंय का?

पहाटधाव

आपटलेलं नाही, तांबूस डागही नाही. सगळं लक्षात घेऊन आज केलं. नखाने वरच्या कडेला दाबल्यावर बारीक टिचकी ऐकू आली, तिथेच अर्धा जीव भांड्यात पडला. मग अर्धा तास कोमट पाण्यात, पाणी बदलून पुन्हा, आणि शेवटी अगदी सावकाश दाबत राहिले. खारवट म्हणतात तसं दुधाळ पाणी आलं, आधी दाट, मग विरळ. आता टिचकी परत आली आहे आणि बटण लगेच वर येतं. पण शेजारच्या वरच्या बटणाशी तुलना केली तर हे अजून किंचित जड लागतं. पुन्हा धुऊ, की आता उघडून घ्यायची वेळ आली?

काटेकोर

टिचकी परत आली म्हणजे मुख्य काम झालं. आता घड्याळ पुसून रात्रभर तसंच वाळू द्या, चार्जिंगला लावू नका. चार्जिंगच्या पिना ओल्या असताना त्यांतून वीज वाहिली की त्या गंजतात. उद्या वाळल्यावर कसं लागतं ते बघा. उद्याही जड असेल तर आणखी एकदा धुवा. तसंच राहिलं तर इंटरव्हलला वापरत राहा, घाई नाही. वर यायला पुन्हा रेंगाळू लागलं, तर मात्र रिंग कडक झालेली असू शकते आणि मग उघडावं लागेल.

इथून पुढे धावून आल्यावर मीठ ओलं असतानाच नळाच्या साध्या पाण्याखाली घड्याळ धरा. सनस्क्रीन लावलेल्या बोटांनी बटणं हाताळू नका. डासांसाठी काही लावत असाल तर तेही घड्याळापासून लांब ठेवा, त्यातलं डीट काही प्लॅस्टिकं खातं.

उघडायची वेळ आलीच तर घड्याळ देण्याआधी सगळा डेटा सिंक करून घ्या. दुरुस्ती करणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: मागच्या झाकणाचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं सील, नवीन घालणार का, आणि बंद केल्यावर प्रेशर टेस्ट करणार का. कोरडी टेस्ट असते, हवेच्या दाबाखाली केस किती दबते आणि तो दाब टिकतो का हे यंत्र मोजतं, घड्याळ पाण्यात घालावंच लागत नाही. दोन्हीला हो म्हणत नसेल तर त्याच्याकडे उघडू देऊ नका.

पहाटधाव

वाळल्यावर बघितलं, आता दोन्ही बटणांत मला फरक लागत नाही. आज ट्रॅकवर सगळे ४०० वेगळे पडले.